राणीचे मन पंचांगात शोधा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिजाबाई, सोयराबाई, येसूबाई, ताराबाई, काशीबाई, मस्तानी, गोपिकाबाई, रमाबाई, आनंदीबाई, अहिल्याबाई. यांच्यावरची कादंबरी आली की दादर-गिरगावच्या वाचनालयांत तिच्यासाठी नंबर लागतो आणि रविवारच्या पुरवण्यांत परीक्षण येते. त्यात 'राणीचे अंतरंग लेखकाने हळुवारपणे उलगडले आहे' हे वाक्य बहुधा असतेच. आमचे म्हणणे या वाक्याबद्दल आहे. पात्राचे नाव बोटाने झाकून अशा कादंबऱ्यांतली स्वगते वाचून पाहावीत. सज्जा, चांदणे, सवतीचा मत्सर, मोहिमेवर गेलेली स्वारी आणि डोळ्यांतले पाणी. सतराव्या शतकातली भोसल्यांची राणी आणि अठराव्या शतकातली पेशव्यांची सून एकाच मनाने विचार करतात आणि ते मन आपल्या काळातल्या सुशिक्षित बाईचे असते. कल्पनाशक्ती कमी पडते म्हणून असे होते, असे आम्हांला वाटत नाही. त्या बाईचा दिवस, तिचा महिना, तिचा पैसा आणि तिच्या पत्राची रीत न तपासताच लेखक थेट तिच्या मनात शिरतो, म्हणून हे होते.

सुरुवात तारखांपासून करावी. एक साधा हिशेब देतो. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, गणेशोत्सव चालू असताना दुपारी शनिवारवाड्यात झाला. त्यांचा मुलगा सवाई माधवराव 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर जन्मला. मधले दिवस मोजले तर 231 भरतात. गर्भ राहिल्यापासून बाळंतपणापर्यंत साधारण 266 दिवस धरतात. वजाबाकी 35. म्हणजे दिवस पुरे भरले असे धरले, तर नवऱ्याचा खून झाला त्या दिवशी गंगाबाईंना दिवस जाऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. पाळी एकदाच चुकलेली होती आणि दुसरी सुतकाच्या दहा दिवसांतच यायची होती.

आता त्या दहा दिवसांकडे पाहा. ब्राह्मण घरात विटाळशी बाई चार दिवस बाहेर बसे. तिचे अंथरूण वेगळे, पाणी वेगळे, जेवण लांबून वाढायचे. त्यामुळे या महिन्यात कोण बाहेर बसली आणि कोण बसली नाही हे कोणी न सांगता घरभर कळत असे. पेशव्यांच्या गादीला वारस आहे की नाही, हे कारभाऱ्यांच्या आधी कळले असेल ते या बायकांना. शिवाय गर्भार विधवेला सहगमन, म्हणजे सती जाणे, शास्त्राने वर्ज्य. म्हणजे त्या घरात चुकलेली एक पाळी हा एका मुलीच्या जिवाचा आणि एका राज्याचा प्रश्न होता. स्वतःच्या अंगाकडे कान लावून बसलेली ती मुलगी आणि तिच्याकडे न बघितल्यासारखे करून दिवस मोजणाऱ्या घरातल्या बाया, एवढे तरी कादंबरीत यायला हवे की नाही? येते काय, तर वैद्यबुवा पडद्याआडून नाडी पाहतात आणि गोड बातमी सांगतात. सभ्यपणा म्हणून विटाळ गाळला, की राजकारणातली सगळ्यांत मोठी बातमीही त्याबरोबर गळते.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करावा. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंचा मुलगा, पुढचा दुसरा बाजीराव, धारला 10 जानेवारी 1775 रोजी जन्मला. सवाई माधवरावांच्या जन्मापासून हा 267 वा दिवस. म्हणजे पुरंदरावर पाळणा हलला त्याच सुमारास आनंदीबाईंना दिवस गेले असणार. ज्या मुलामुळे आपल्या नवऱ्याची पेशवाई गेली, तो चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली, ही बातमी पोहोचली तेव्हा या बाईला स्वतःची चाहूल लागलेली होती. आनंदीबाईंना 'ध चा मा' करणारी एवढेच रूप देऊन आपण दोनशे वर्षे थांबलो आहोत. तो 'धरावे'चा 'मारावे' केलेला मूळ कागद अजून कोणाच्या हाती आलेला नाही. या दोन जन्मतारखा मात्र कोणालाही मिळतात.

तारखा काढताना चुका कुठे होतात, तेही सांगतो. पेशवाईतल्या कागदांवर इसवी सन नसतो. अरबी सन अक्षरांत असतो, महिना मुसलमानी असतो आणि तारखेआधी 'चंद्र' या अर्थाचा 'छ' असतो. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात 1174. हे वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सुरू होते. तेव्हा मृगापासून डिसेंबरअखेर 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. नारायणरावांचा खून आणि सवाई माधवरावांचा जन्म हे दोन्ही याच 1174 सालातले. जो लेखक सरसकट 599 मिळवतो त्याच्या टिपणात सवाई माधवराव एप्रिल 1773 मध्ये, बाप जिवंत असताना जन्मतो. मग गोष्ट जुळवण्यासाठी एखादे पत्र बनावट ठरवण्याची पाळी येते. पेशवाईसाठी मोडकांची जंत्री आणि शिवकालासाठी खऱ्यांची शकावली, म्हणजे तिथी आणि इंग्रजी तारखा जुळवून देणारी कोष्टके, जवळ ठेवली की हा घोळ होत नाही. एका वहीत वर्षाला एक पान द्यावे आणि त्यावर तिथी, वार, इंग्रजी तारीख, घरातले जन्म, मृत्यू, सुतक, सोहेर, मुंजी, लग्ने आणि पुरुष कोणत्या मोहिमेवर कधीपासून कधीपर्यंत गेले, एवढे लिहावे. पहिली ओळ लिहिण्याआधी ही वही भरलेली असावी.

शिवकालात आणखी एक खड्डा आहे. इंग्रजांनी जुने कॅलेंडर 1752 पर्यंत चालवले आणि शिवकालाच्या तारखा इतिहासाच्या पुस्तकांत त्याच जुन्या हिशेबाने छापायचा प्रघात आहे. सतराव्या शतकात आजच्या कॅलेंडरशी तुलना करायची तर त्यात दहा दिवस मिळवावे लागतात. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, 6 जून 1674. आजच्या हिशेबाने 16 जून. त्यानंतर अकराव्या दिवशी, ज्येष्ठ वद्य नवमीला, जिजाबाई पाचाडला गेल्या. पुस्तकात 17 जून असते, ऋतूच्या हिशेबाने ती 27 जून. कोकणातली 27 जून म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. तरीही कादंबरीत आऊसाहेबांच्या शेवटच्या रात्री आकाश निरभ्र असते आणि खिडकीतून पौर्णिमेसारखे चांदणे येते. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, तोही ढग असतील तर दिसायचा नाही. खरा प्रसंग याहून जड आहे. रायगडाच्या पायथ्याशी पावसात भिजलेला वाडा, वर गडावर सोहळ्याचे मांडव अजून उतरायचे असतील, आणि त्याच पंधरवड्यात सरणासाठी कोरडी लाकडे शोधायची. सोयराबाईंच्या बाबतीतही हाच पंधरवडा पाहावा. राज्याभिषेकाआधी महाराजांची मुंज झाली आणि राण्यांशी पुन्हा वैदिक रीतीने लग्ने लागली. सोयराबाईंचा मुलगा राजाराम तेव्हा चार वर्षांचा होता. मूल झाल्यावर त्याच नवऱ्याशी पुन्हा अंतरपाटासमोर उभे राहणे आणि लगेच पट्टराणी म्हणून बसणे, याबद्दल तिला काय वाटले असेल? हा प्रश्न तिच्या कारस्थानांपेक्षा कितीतरी मोलाचा आहे आणि त्याला जवळजवळ कोणी हात लावत नाही.

सोयराबाईंवरून बखरींकडे येतो. बखर वाचावी, पण ती कधीची हे पानाच्या डोक्यावर लिहून मगच वाचावी. सभासदाची बखर 1697 ची, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी लिहिलेली आणि लिहिणारा त्या दरबारातला. चिटणिसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरची. सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची कथा या उशिराच्या परंपरेतली आहे. प्रत्यक्षात महाराजांच्या मृत्यूनंतर त्या दीड वर्ष हयात होत्या आणि संभाजीराजांच्या 1680 च्या दानपत्रात त्यांच्या मनाला स्फटिकाची उपमा दिली आहे. आता या दानपत्रावरून माय-लेकांत गोडी होती असा उलट टोकाचा निष्कर्षही काढू नये. दानपत्र हा दरबारी दस्तऐवज आहे. पण ज्या मुलाविरुद्ध आपण पाऊल टाकले त्याने आपल्याविषयी असे शब्द लिहवून घेतले, हे ऐकताना त्या बाईचा चेहरा कसा झाला असेल, ते लिहिता येईल. भिंतीच्या कथेत ही जागाच उरत नाही.

पत्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मन शोधायला सगळेजण पत्रांकडेच जातात आणि तिथेच फसतात. राजघराण्यातल्या स्त्रीचे पत्र बहुधा कारकुनाच्या हातचे असते. ती सांगते, तो मोडीत लिहितो, म्हणजे खोलीत दोघे तरी असतात. त्यामुळे हुंदका पत्रात सापडत नाही. 'उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जाणे. विशेष' इथपर्यंत सगळा ठरीव मायना. तो प्रेमाचा पुरावा म्हणून घेऊ नये. पाहायचे ते 'विशेष' नंतर पहिला विषय कोणता निघाला, कोणता शेवटी ढकलला, आणि 'बहुत काय लिहिणे' झाल्यावर ताजा कलम म्हणून काय राहवले नाही. मायन्यात नेहमीपेक्षा एखादे बिरुद कमी पडले असेल, तर तिथे राग असू शकतो. त्यासाठी एकाच बाईची निदान दहाबारा पत्रे ओळीने वाचावी लागतात. एकच पत्र घेऊन त्यावर प्रकरण रचले की कारकुनाची लकब राणीचा स्वभाव म्हणून छापली जाते.

याचे सगळ्यांत बोलके उदाहरण गोपिकाबाईंचे. विश्वासराव पानिपतावर गेला, त्याच वर्षी नवरा गेला, 1772 मध्ये माधवराव, पुढच्या वर्षी नारायणराव. नाशिकजवळ गंगापूरला राहिलेल्या या बाईने नातवाला, सवाई माधवरावाला, कसे वागावे याची कलमे लिहून पाठवली: पहाटे उठण्यापासूनची दिनचर्या, स्नानसंध्या, अभ्यास, मोठ्यांशी वागणूक. आजीची माया म्हणून एकही ओळ त्यात ओघळत नाही. हेच तिचे मन. तीन मुलगे गेलेल्या बाईने उरलेल्या एका अंकुराभोवती नियमांचे कुंपण घातले आहे. कादंबरीकाराने अशा पत्राच्या जागी अश्रूंनी भिजलेले पत्र रचून घातले, तर त्याने गोपिकाबाईंची जागा दुसऱ्याच बाईला दिली.

मायन्यात बाईची स्थितीही असते. सुवासिनीला 'वज्रचुडेमंडित', विधवेला 'गंगाभागीरथी'. आता सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंचा विचार करा. पानिपत 14 जानेवारी 1761 चे. भाऊ गेले हे त्यांनी कधीच मानले नाही, कुंकू पुसले नाही, आणि 1783 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तशाच राहिल्या. त्यांना पत्र लिहिताना प्रत्येक कारकुनाला दोन शब्दांपैकी एक निवडावा लागणार, आणि पत्र वाचून दाखवले जाताना त्यांचे कान त्या पहिल्या शब्दावर असणार. 1774 च्या जानेवारीत गर्भार गंगाबाईंना पुरंदरावर नेले तेव्हा सोबत याच पार्वतीबाई होत्या. एका वाड्यात दोन बाया. एकीचा नवरा सर्वांदेखत गेलेला, दुसरीचा तेरा वर्षे 'यायचा'. गंगाबाईंच्या ओटीत काय घालायचे आणि कोणी घालायचे, संक्रांतीचे हळदीकुंकू पार्वतीबाईंनी घ्यायचे का, कोणी पुढे केले आणि कोणी हात मागे घेतला, यावर एक सबंध कादंबरी उभी राहते. त्यासाठी सज्जाही लागत नाही आणि चंद्रही लागत नाही.

बोलीचे थोडक्यात. बायको नवऱ्याचे नाव घेत नाही आणि त्याला समोरासमोर सरळ काही म्हणतही नाही. 'इकडून', 'तिकडून', 'स्वारी' असे वळसे घालून बोलते. या वळशांतूनच रुसवा, धाक, लाड दाखवता येतात. 'स्वारीला वेळ नसेल' हे एकच वाक्य तीन तऱ्हांनी म्हणता येते. दुःखासाठी त्या काळच्या पत्रांत 'श्रमी होणे', 'चित्तास स्वस्थता नसणे' असे शब्द आहेत, आपुलकीसाठी 'लोभ', 'ममता', 'अगत्य'. 'व्यक्तिमत्त्व', 'मानसिकता', 'घुसमट' हे निवेदनात चालतील, राणीच्या तोंडी नकोत. उलट सगळे संवाद 'जाले', 'जाहले' करून जुनाट बनवण्याचा अट्टहासही नको, वाचक दहाव्या पानावर थकतो. शब्द जुने आणि वाक्यरचना साधी ठेवली की पुरते.

पैशाकडे मात्र फार कमी लेखक बघतात. बाईला स्वतःचे म्हणून काय होते, ते आधी मांडून घ्यावे. माहेरचे स्त्रीधन, चोळीबांगडीला तोडून दिलेले गाव, खर्चासाठी ठरलेली रक्कम, म्हणजे नेमणूक. कोणाला न विचारता ती किती दान देऊ शकत होती, हे कळले म्हणजे तिची मान किती ताठ राहत होती ते कळते. अहिल्याबाईंची देशभरची घाट-देवळे होळकरांच्या दौलतीतून झाली असे सर्रास लिहितात. होळकरांकडे 'खासगी', म्हणजे घराण्याची स्वतःची मिळकत, वेगळी होती आणि दौलतीचा हिशेब वेगळा. हा फरक समजल्याशिवाय अहिल्याबाईंचा दानधर्म आणि सरदारांशी त्यांची वादावादी, दोन्ही कळत नाहीत.

याच हिशेबात कुणबिणी येतात. कादंबरीतली 'दासी' निष्ठावान असते, चिठ्ठ्या पोहोचवते आणि शेवटी राणीसाठी मरते. पेशवाईच्या कागदांतली कुणबीण विकत घेतलेली असते. ती एका घरातून दुसऱ्या घरी दिली जाते, पळून गेली तर तिचा शोध होतो, तिच्या पोरांचा ताबाही मालकाकडे असतो. राणीचे केस विंचरणारा हात या बाईचा आहे. राणीच्या सगळ्या गोष्टी तिने ऐकल्या आहेत आणि तिला कोणी काही विचारलेले नाही. राणीचे अंतरंग लिहिणाऱ्याने त्या खोलीत दोन अंतरंगे आहेत हे धरून चालावे, म्हणजे राणीचे बोलणेही आपोआप बदलते. नोकरासमोर माणूस जे बोलतो ते एकांतात बोलत नाही, आणि या बायकांना एकांत जवळजवळ नव्हताच.

वास्तूचे एवढेच की शनिवारवाडा 1828 च्या आगीत गेला आणि उरली आहेत ती जोती आणि तटबंदी. कोणत्या राणीची खोली कुठे, हे ठासून लिहू नये. रात्रीच्या प्रसंगात समई, चिराखदान, मशाल असावी आणि तेलाचा वास असावा. काचेचे रॉकेल-कंदील नकोत.

साधने मिळत नाहीत ही सबब मुंबईत तरी चालणारी नाही. पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात छापून झाले आहेत. मराठी भाषा आणि देवनागरी लिपी येणाऱ्या कोणालाही ते वाचता येतात, मोडीचीही गरज नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत बसून वाचायची सोय आहे. राघोबादादांचे मुंबईकर इंग्रजांशी काय चालले होते, ते काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, सिक्रेट अँड पोलिटिकल डिपार्टमेंटच्या डायऱ्यांत आहे. मूळ कागदांपर्यंत जायचे तर पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. लिपी ओळखायला काही आठवडे पुरतात, हात बसायला वर्ष लागते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ फारसे पाळत नाहीत आणि शब्द तोडून लिहीत नाहीत. नवशिका सगळ्यांत जास्त चुकतो तो नावे वाचताना, म्हणून नाव दुसऱ्या एका कागदाशी ताडून घेतल्याशिवाय वापरू नये.

प्रकाशकांना विनंती एवढीच की अशा कादंबरीच्या शेवटी दोन पानांचे टिपण छापावे: कोणती तारीख आणि कोणते पत्र कागदातले, कोणता प्रसंग बखरीतला आणि ती बखर कधीची, कोणता प्रसंग लेखकाचा स्वतःचा. आपल्या पुरवणीतल्या परीक्षकांनीही पुढच्या वेळी 'अंतरंग उलगडले' असे लिहिण्याआधी दोन गोष्टी पाहून लिहाव्यात: त्या राणीचा पुस्तकातला एखादा दिवस तिथीवार जुळतो का, आणि तिच्या खोलीतल्या कुणबिणीला नाव आहे का.

कळावे, लोभ असावा.

मोडी कागद वाचणारे काही वाचक,
दादर व गिरगाव, मुंबई